फ्रीबीएसडी आणि आपला रोजचा लॅपटॉप : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२५

१४ जून २०२५, शनिवार

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची १४.३ ही आवृत्ती या मंगळवारी, १० तारखेला बाहेर आली. तिच्या निमित्ताने आमच्या गटाचं या वर्षाचं काम आज ठरलं. गटातल्या आणि गटात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ही सिस्टीम रोजच्या वापरासाठी बसली पाहिजे. सर्व्हरवर नाही, व्हर्च्युअल मशीनमध्येही नाही. जो लॅपटॉप सॅकमध्ये घालून लोक कॉलेजात आणि ऑफिसात जातात, त्यावर.

कारण लिहून ठेवते, पुढे कोणी ना कोणी विचारणारच. फ्रीबीएसडीचं नाव ऐकलेली माणसं पुण्यात कमी नाहीत. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ घरोघरी पोचवणारे ओपन कनेक्ट सर्व्हर हिच्यावर चालतात, प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम हिच्यातूनच घडवलेली आहे, झेडएफएस ही हिची फाइल सिस्टीम आणि जेल ही प्रोग्राम वेगळे कोंडून ठेवायची सोय यांचं कौतुक करणारे सिस्टीम ॲडमिन तर कुठेही भेटतात. पण हिच्यासाठी कोड लिहिणारे शोधायला गेलं तर हाताची बोटं पुरतात. सर्व्हर माणूस दुरून वापरतो. तिथे काही खुपलं तर तिकीट टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. तेच स्वतःच्या लॅपटॉपवर खुपलं, तर रात्री जागून त्याचा छडा लावतो. प्लॅटफॉर्मला डेव्हलपर मिळतात ते या दुसऱ्या वाटेने. म्हणून आधी त्यांच्या हातातलं मशीन चाललं पाहिजे, बाकीचं सगळं नंतर.

हा विचार काही आमचा एकट्यांचा नाही. फ्रीबीएसडी फाउंडेशनने गेल्या वर्षी क्वांटम लीप रिसर्चबरोबर साडेसात लाख डॉलरचा लॅपटॉप प्रकल्प जाहीर केला. वायफाय, ग्राफिक्स, आवाज, स्लीप हे विषय त्यात आहेत. कित्येक वर्षं ‘ही सर्व्हरची सिस्टीम आहे’ असं म्हणून जे बाजूला पडलं होतं, त्यावर आता पगारी माणसं बसली आहेत. आपल्याकडच्या लॅपटॉपांवर काय चालतं आणि काय नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचवणं हा आमचा वाटा.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामाला. रस्ते बंद, त्यामुळे बैठक नाही. घरी बसून ‘चालतो’ म्हणजे काय, याची व्याख्या केली.

इन्स्टॉल झाला, टर्मिनल उघडलं, कंपाइल झालं, एवढ्यावर लॅपटॉप चालतो असं आम्ही म्हणणार नाही. झाकण लावलं की झोपला पाहिजे आणि उघडलं की होता तिथून जागा झाला पाहिजे. वायफायचा वेग व्हिडिओ कॉलला पुरला पाहिजे. हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप गप्प झाला पाहिजे. वर्गातल्या प्रोजेक्टरवर चित्र उमटलं पाहिजे, ब्राइटनेसची बटणं चालली पाहिजेत, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकलं पाहिजे. यातलं एक जरी अडलं तरी नोंदवहीत ‘अर्धा’ असं लिहायचं. अर्ध्या लॅपटॉपवर माणूस आठवडाभर हौसेने राहतो आणि मग मुकाट्याने जुन्या सिस्टीमवर परततो. जाताना तक्रारसुद्धा करत नाही. अशी गेलेली माणसं कुणाच्याही मोजणीत येत नाहीत.

२८ जून, शनिवार

मुंबईला गेले होते, लॅमिंग्टन रोडवर जुन्या लॅपटॉपच्या दुकानांत फिरले. आयटी कंपन्यांची लीज संपली की शेकड्याने मशिनं बाहेर पडतात आणि पुसून-झटकून इथे येतात. त्यांत लेनोवोचे थिंकपॅड सगळ्यांत जास्त. दुकानदार काकांनी न विचारता सांगितलं, “ताई, कॉलेजच्या पोरांना टी४८० द्या. रॅम वाढते, बॅटरी मागून बदलता येते, पार्ट कधीही मिळतो.” त्यांच्या सांगण्यात आमचा निम्मा अभ्यास आला. टी४८० हे २०१८ चं मशीन, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. आत एक बॅटरी, मागे दुसरी काढता येणारी. शिवाय इथरनेटचं पूर्ण आकाराचं पोर्ट. नवी सिस्टीम बसवताना ही शेवटची गोष्ट फार मोलाची, कारण वायफाय लागायच्या आधी पॅकेज उतरवायला केबल लागते.

गटाच्या वर्गणीतून एक घेतला. हे आमचं प्रमाण मशीन. दुसऱ्या लॅपटॉपवर काही अडलं तर तीच गोष्ट आधी यावर करून बघायची.

५ जुलै, शनिवार

टी४८० वर १४.३ बसवली. तपशील देते, कारण नवीन येणाऱ्यांना हीच नोंद वाचायला देणार आहोत.

डिस्क झेडएफएसवर. इन्स्टॉलरमध्ये तो पर्याय सरळ समोर असतो आणि त्याचा खरा फायदा बूट एन्व्हायर्नमेंटचा. अपडेट करण्याआधी चालू सिस्टीमची एक प्रत राखून ठेवायची, बिघडलं तर बूट मेनूमधून जुन्या प्रतीत परतायचं. विद्यार्थ्यांना हे आधी दाखवावं असं माझं मत झालं आहे. उद्या परीक्षा असताना आज प्रयोग करायचं धाडस त्यातूनच येतं.

ग्राफिक्ससाठी डीआरएम-केमॉड हे पॅकेज. लिनक्सच्या कर्नलमधले, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातले, इंटेल आणि एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर फ्रीबीएसडीत आणून बसवलेले असतात, आणि मधला दुभाषा म्हणून लिनक्सकेपीआय नावाचा थर काम करतो. १४ च्या मालिकेत हे ड्रायव्हर लिनक्स ६.१ मधून घेतले आहेत. आरसी-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये इंटेलच्या मॉड्यूलचं नाव घातलं, वापरकर्त्याला व्हिडिओ गटात टाकलं, रीबूट केलं, आणि पडदा पूर्ण रिझोल्यूशनला आला. ब्राइटनेससाठी ‘बॅकलाइट’ ही आज्ञा १३.० पासून सिस्टीममध्येच आहे. थिंकपॅडच्या खास बटणांसाठी वेगळं एसीपीआय मॉड्यूल लोड करावं लागलं (एसीपीआय म्हणजे फर्मवेअर आणि सिस्टीम यांच्यात वीज आणि उपकरणांविषयी बोलायची ठरलेली पद्धत).

वायफायची चिप इंटेल ८२६५. इथे थोडा इतिहास सांगावा लागतो. इंटेलचा आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हर लिनक्सकेपीआयमधून १३.१ मध्ये, म्हणजे २०२२ साली आला, पण त्याला वायफायची जुनी ए, बी आणि जी हीच मानकं कळत होती. राउटर कितीही नवा असला तरी कागदावर जास्तीत जास्त ५४ मेगाबिट. नव्याने आलेला डेव्हलपर पहिल्याच संध्याकाळी वेग मोजतो, आकडा बघतो आणि लॅपटॉप मिटतो. मेलिंग लिस्टवर यावरून वर्षानुवर्षं हळहळ होती. १४.३ मध्ये याच ड्रायव्हरला काही चिपांसाठी एन आणि एसी ही मानकं आली. ८२६५ ला जुना ड्रायव्हरही लागू पडतो, म्हणून नवा हवा असेल तर जुन्याला आपोआप लोड होण्यापासून अडवावं लागतं.

झाकण लावलं, झोपला. उघडलं, जागा झाला. एस३ स्लीप, म्हणजे रॅम सोडून बाकी सगळं बंद करणारी झोप, या पिढीच्या मशिनांत असते आणि ती व्यवस्थित चालली. कॅमेरा वेबकॅमडी या प्रोग्रामवर चालला, ब्राउझरमधून कॉल लागला.

नोंदवहीत ‘पूर्ण’ असा पहिला शिक्का.

१२ जुलै, शनिवार

आज मुलांनी स्वतःचे लॅपटॉप आणले आणि खरं चित्र समोर आलं.

थिंकपॅड मोजकेच. बाकी सगळे बारावीनंतर घरच्यांनी सेलमध्ये घेऊन दिलेले, चाळीस-पन्नास हजारांच्या आसपासचे. बहुतेकांत एएमडीचा रायझन प्रोसेसर आणि वायफायची चिप रिअलटेक नाही तर मीडियाटेकची. इंटेलची वायफाय चिप महागड्या मशिनांत असते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या टेबलावरही बहुधा तीच असते. ज्या चिपचा ड्रायव्हर त्यांना स्वतःला रोज लागतो, तो आधी सुधारतो. यात कुणाचा दोष नाही, काम असंच होतं. पण परिणाम असा, की ज्या मुलांना आपण बोलावतो आहोत त्यांच्याच मशिनांना सगळ्यांत उशिरा ड्रायव्हर मिळणार.

रिअलटेक ८८२१सीई असलेल्या मशिनांवर आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर लागला. त्याची एक मर्यादा त्याच्या मॅन्युअल पानावरच लिहिली आहे. चार जीबीच्या वरच्या मेमरीशी त्याचं जमत नाही, म्हणून लोडर-कॉन्फ या बूटच्या फाइलमध्ये एक सेटिंग घालून त्याची मेमरी चार जीबीच्या आत राखावी लागते. ती ओळ घातली, रीबूट केलं आणि नेटवर्क दिसलं. वेग कमी, पण जोडणी टिकली. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे किती लोक पहिल्याच दिवशी परत गेले असतील, हा विचार दिवसभर डोक्यातून जाईना. मराठी माहितीपत्रकात ती पहिल्या पानावर हवी.

मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला १४.३ मध्ये चालणारा ड्रायव्हर नाही. मग तीन वाटा उरतात, तिन्ही करून पाहिल्या.

पहिली, अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग. फोन नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, पत्ता मागवला की इंटरनेट सुरू. आज इन्स्टॉलेशनची सगळी पॅकेजं अशीच उतरवली. मुलांच्या फोनमध्ये डेटा असतोच, त्यामुळे ही वाट सगळ्यांना पटकन जमली.

दुसरी, वायफायबॉक्स. बीहाइव्ह हा फ्रीबीएसडीचा हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग, एक छोटं अल्पाइन लिनक्स चालवतो, वायफाय कार्ड त्याच्या ताब्यात देतो आणि इंटरनेट आतून बाहेर आणतो. लिनक्सला जे कार्ड कळतं ते सगळं मग आपल्यालाही मिळतं. युक्ती देखणी आहे. मात्र झोपून उठल्यावर तिचं काय होतं ते प्रत्येक मशीनवर वेगळं तपासावं लागतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला हे सगळं समजावून सांगेपर्यंत त्याचा उत्साह ओसरतो.

तिसरी, कार्डच बदलणं. मागचं झाकण उघडायचं, दोन बारीक अँटेना वायरी काढायच्या, जुनं एम.२ कार्ड काढून इंटेलचं बसवायचं. इथे खरेदी करताना नंबर नीट वाचायचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साधी पीसीआय एक्सप्रेस कार्डं आहेत, एएमडीच्या मशिनातही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीत बसवून उपयोग शून्य. काही लॅपटॉपांचं बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं फर्मवेअर, अनोळखी कार्ड नाकारतं, तेही आधी विचारून घ्यायचं. एका विद्यार्थिनीने आमच्यासमोर स्वतःच्या हाताने कार्ड बदललं. लॅपटॉप उघडायची तिची पहिलीच वेळ. वायफाय लागल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली, तर सोर्स कोड उतरवून घेतला.

२६ जुलै, शनिवार

टचपॅड. आजकालचे टचपॅड यूएसबी किंवा पीएस/२ वर नसून आय-स्क्वेअर-सी या आतल्या जोडणीवर असतात. त्यांचा ड्रायव्हर १३ च्या मालिकेपासून सिस्टीममध्ये आहे. आणलेल्या बहुतेक मशिनांवर चालले. एकावर रीबूटनंतर कधी दिसतो, कधी नाही. त्याचा डीमेसेज, म्हणजे बूट होतानाच्या संदेशांची नोंद, जपून ठेवला आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, हजेरी कमी. त्यामुळे कामापेक्षा चर्चा जास्त झाली. प्रश्न चांगला निघाला: नवा प्लॅटफॉर्म आणणाऱ्यांनी आजवर डेव्हलपरांना मशीन कसं मिळवून दिलं?

एक पद्धत, मशीनच हातात द्यायचं. ॲपलने २००५ मध्ये पॉवरपीसीवरून इंटेलकडे जाताना ९९९ डॉलर घेऊन डेव्हलपर ट्रान्झिशन किट दिले, तेही परत करायच्या अटीवर. २०२० मध्ये स्वतःच्या चिपकडे वळताना पुन्हा तेच केलं. मॅक मिनीच्या डब्यात आयपॅडची ए१२झेड चिप, भाडं ५०० डॉलर. गूगलने २००८ च्या डिसेंबरमध्ये अँड्रॉइडचा डेव्हलपर फोन ३९९ डॉलरला विकला. त्या फोनला सिमचं कुलूप नव्हतं आणि त्यात स्वतःची सिस्टीम घालता येत होती. बी नावाच्या कंपनीने १९९५ मध्ये बीबॉक्स काढला, त्यात दोन पॉवरपीसी प्रोसेसर. डेव्हलपर त्याच्या प्रेमात पडले, पण ते फार थोडे होते. १९९७ च्या सुरुवातीलाच तो डबा बंद झाला आणि पुढच्या वर्षी बीओएस इंटेलच्या साध्या पीसीवर आली.

दुसरी पद्धत, डेव्हलपरच्या घरी जे आहे त्यावर पोचायचं. लिनक्स १९९१ मध्ये एका विद्यार्थ्याच्या ३८६ प्रोसेसरवाल्या पीसीवर सुरू झालं आणि तसंच ३८६ हजारो विद्यार्थ्यांच्या घरी होतं. बिल आणि लिन जोलिट्झ यांचं ३८६बीएसडी १९९२ चं, त्याच्यातूनच १९९३ च्या अखेरीला फ्रीबीएसडी १.० आली. म्हणजे आपल्या या सिस्टीमचा जन्मच घरच्या पीसीसाठी झालेला आहे. विद्यापीठांतल्या लाखमोलाच्या मशिनांवरचं युनिक्स सामान्य माणसाच्या टेबलावर आणायचं, हा तिचा मूळ हेतू. आज लॅपटॉपसाठी धडपडणं म्हणजे तिच्या मूळ कामाकडे परतणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

मशीन वाटायला आपल्याकडे ॲपलसारखा पैसा नाही. तेव्हा दुसरी वाट. त्यात एक मोठा आधार असा, की ड्रायव्हर एका घरात अडकून राहत नाहीत. फ्रीबीएसडी लिनक्सचे ग्राफिक्स आणि वायफाय ड्रायव्हर घेते. बीओएसचा वारसा चालवणारी हायकू ही सिस्टीम फ्रीबीएसडीचे आणि ओपनबीएसडीचे नेटवर्क ड्रायव्हर एका सुसंगती थरातून वापरते. एका चिपचं काम एकदा नीट झालं की ते अनेकांच्या पदरात पडतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आजचा पूर्ण दिवस स्लीपवर.

नोकरी करणाऱ्या एका मित्राने कोरा करकरीत लॅपटॉप आणला. सगळं चाललं. ग्राफिक्स, आवाज आणि वायफायसुद्धा, कारण चिप इंटेलची. झाकण लावलं तर काहीच झालं नाही. पंखा चालू, बॅटरी उतरते आहे. कर्नलला विचारलं की या मशीनला कोणत्या झोपेच्या अवस्था येतात, तर उत्तरात एस३ नाहीच.

समजून घेतलं ते असं. एस३ मध्ये फर्मवेअर सूत्रं हाती घेतं. रॅमला तेवढा वीजपुरवठा ठेवून बाकी सगळं बंद करतं. सिस्टीमने फक्त ‘झोप’ म्हणायचं. नव्या लॅपटॉपांत विंडोजच्या मॉडर्न स्टँडबायसाठी ही सोय काढून टाकली आहे आणि तिच्या जागी एस०आयएक्स आली. तिच्यात मशीन अधिकृतपणे जागंच असतं. प्रोसेसर, ग्राफिक्स, एसएसडी, यूएसबी या प्रत्येकाला सिस्टीमने स्वतः खालच्या वीज-अवस्थेत नेऊन बसवायचं. सगळी शांत झाली तरच चिप खोल झोपेत जाते. एकच उपकरण जागं राहिलं तरी सगळी वीज खर्च होत राहते. घरातल्या शेवटच्या पोराने डोळे मिटेपर्यंत आईची पाठ टेकत नाही, तसं. म्हणजे जे काम फर्मवेअर करत होतं ते आता प्रत्येक ड्रायव्हरच्या अंगावर आलं, आणि त्यातल्या एकाने टाळलं तरी पूर्ण झोप उडते. म्हणूनच फाउंडेशनच्या प्रकल्पात या विषयावर वेगळं काम चालू आहे आणि ते लवकर संपणारं नाही.

काही थिंकपॅडच्या बायॉसमध्ये स्लीप स्टेटचा पर्याय असतो, ‘विंडोज १०’ किंवा ‘लिनक्स’. ‘लिनक्स’ निवडलं की एस३ परत मिळते. एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीला हा पर्याय २०१८ मध्ये बायॉस अपडेटमधून आला, वापरणाऱ्यांनी लावून धरलं म्हणून. मित्राच्या मशीनमध्ये तो नाही. नोंदवहीत ‘अर्धा’. त्याने लॅपटॉप शांतपणे सॅकमध्ये ठेवला, पण पुढच्या आवृत्तीवर पुन्हा आणतो म्हणाला.

कुणी लॅपटॉप घेण्याआधी विचारलं तर आमचं उत्तर आता पक्कं आहे: दुकानातच लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून एस३ आहे का ते बघा, मगच पैसे द्या.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. अनंत चतुर्दशीनंतर भेटायचं ठरलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

बग कसा नोंदवायचा, याचा वर्ग घेतला.

मुलांची अडचण तांत्रिक नव्हती. “सर्व जगासमोर इंग्रजीत लिहायचं, चुकलं तर?” ही भीती होती. मी म्हणाले, वाक्यं चार पुरतात. कोणतं मशीन, कोणती आवृत्ती, काय केलं, काय झालं. बाकीचं सगळं मशीनच सांगतं. पीसीआयकॉन्फचा निकाल चिपचे नंबर देतो, डीमेसेज बूट होताना काय घडलं ते सांगतो. एचडब्ल्यू-प्रोब चालवलं की पूर्ण मशीनची कुंडली बीएसडीच्या सार्वजनिक हार्डवेअर यादीत जाते. अनुक्रमांकासारखी खाजगी माहिती ते आधीच झाकून टाकतं, तरी वर चढवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालायचं. त्या यादीत आपल्याकडच्या स्वस्त मशिनांची संख्या वाढली की ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळेल, हेही वापरणारे लोक आहेत. हा एक पुरावाच आहे आणि तो फुकट देता येतो.

कधी दिसणाऱ्या, कधी न दिसणाऱ्या टचपॅडचा बग दोघींनी मिळून लिहिला. संध्याकाळीच एका डेव्हलपरने एसीपीआयच्या तक्त्यांची प्रत मागितली. ती कशी काढायची हे दोघींनी मॅन्युअल वाचून शोधलं आणि पाठवली. कार्ड बदलणारी विद्यार्थिनी या दोघींतली एक.

माहितीपत्रकाचा मराठी मसुदा पूर्ण झाला. देवनागरीसाठी नोटो फाँटचं पॅकेज आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी यांची पायरीही त्यात घातली. आपल्या भाषेत टाइप करता येणं हे ‘चालतो’ या व्याख्येतच यायला हवं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा मोफत आधार आज संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीची कितीतरी धडधाकट मशिनं घरांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये आहेत, त्यांचं काय करायचं हे लोक विचारू लागले आहेत.

आमच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी मशिनं. ग्राफिक्सचे ड्रायव्हर मुरलेले, एस३ असतेच, वायफायची चिप बऱ्याचदा इंटेलची. नव्या महाग लॅपटॉपपेक्षा यांच्यावर फ्रीबीएसडी जास्त नीट चालते. एका कॉलेजच्या लॅबमधली अशी मशिनं दिवाळीच्या सुट्टीत बसवून द्यायचं ठरतं आहे. फक्त फारच जुनी, ३२-बिटवाली घ्यायची नाहीत. येणाऱ्या १५ मध्ये ३२-बिट इंटेलचा आधार काढला जातो आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

लॅबचं काम दिवाळीत झालं. केबलचं नेटवर्क असल्याने वायफायचा प्रश्नच आला नाही.

ज्यांचे लॅपटॉप ‘पूर्ण’ झाले त्यांचे प्रश्न आता बदलले आहेत आणि मला याचा फार आनंद आहे. वायफाय, स्लीप यांची नावंही निघत नाहीत. व्हीएस कोड आहे का? आहे, पोर्ट्स या फ्रीबीएसडीच्या सॉफ्टवेअर संग्रहात. डॉकर? तसंच्या तसं नाही, पण त्याच कामाचं पॉडमन आहे आणि १४.२ पासून फ्रीबीएसडीच्या अधिकृत ओसीआय कंटेनर इमेज निघतात. फक्त लिनक्ससाठी बनलेला एखादा प्रोग्राम? लिनक्स सुसंगतीच्या थरावर चालवून बघा. जेल म्हणजे काय हे विचारणारा मुलगा दुसऱ्याच आठवड्यात आपल्या प्रोजेक्टचा डेटाबेस जेलमध्ये ठेवून आला.

आणि आजची मोठी बातमी. कार्ड बदललेल्या त्या विद्यार्थिनीला रोज लागणारं एक पायथन पॅकेज पोर्ट्समध्ये जुन्या आवृत्तीवर अडकलेलं दिसलं. तिने स्वतः पोर्ट अद्ययावत केलं, चाचणी करून तो बदल (पॅच) बगझिला या बग नोंदवायच्या साइटवर टाकला, आणि तो या आठवड्यात स्वीकारला गेला. जूनमध्ये सांगितलं असतं की फ्रीबीएसडीला कोड दे, तर तिने का द्यावा? आता ती रोज तिथेच काम करते, त्यामुळे जुनं पॅकेज तिलाच टोचलं.

६ डिसेंबर, शनिवार

१५.० मंगळवारी आली. टी४८० आधी. बूट एन्व्हायर्नमेंटची प्रत घेतली, अपडेट केलं, सगळं जागेवर.

एक सुधारणा मुद्दाम नोंदवायला हवी. पूर्वी १४ च्या मालिकेत एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर गेलं की ग्राफिक्सचं पॅकेज मागच्या कर्नलसाठी बांधलेलं असायचं, आणि रीबूटनंतर काळा पडदा. मुलांना सोर्समधून बांधायला शिकवावं लागे. आता कर्नल मॉड्यूलांचं वेगळं पॅकेज भांडार आहे, प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र बांधलेलं. बाहेरून दिसायला ही लहान गोष्ट, पण रोजच्या वापरात टिकून राहणाऱ्यांच्या संख्येवर तिचा परिणाम एखाद्या नव्या ड्रायव्हरइतकाच होईल.

२० डिसेंबर, शनिवार

लॅपटॉपमधलं कार्ड बदललेल्यांकडून निघालेली मीडियाटेक आणि रिअलटेकची कार्डं ड्रॉवरमध्ये पडून होती. ज्यांना ती ड्रायव्हरच्या कामासाठी हवी आहेत अशांना पाठवायचं ठरलं. मेलिंग लिस्टवर विचारलं, मागणी आली. पाकिटात प्रत्येक कार्डाबरोबर ते कोणत्या मशीनमधून निघालं आणि तिथे काय दिसलं याचा कागद घालतो आहोत. सोमवारी पोस्टात.

जानेवारीत मराठी पत्रक १५ साठी सुधारायचं आहे. मेमरीची ती ओळ अजून लागते का, हे प्रत्येक रिअलटेक मशीनवर पुन्हा तपासून मगच ठेवायची किंवा काढायची. आवाजाचं काम मागे पडलं आहे. दोन मशिनांवर हेडफोन लावला तरी स्पीकर बंद होत नाही, त्यांच्या आवाजाच्या चिपची कोणती पिन कशाला जोडली आहे ते हाताने लिहावं लागेल, आणि हे काम टचपॅडवाल्या दोघींनी मागून घेतलं आहे.

पुढची बैठक ३ जानेवारीला. एस३ नसलेला तो लॅपटॉप मित्र पुन्हा आणणार आहे. एस०आयएक्सचे जे पॅच तोवर चाचणीसाठी खुले असतील, ते घालून कर्नल आदल्या रात्रीच बांधून ठेवायचा, म्हणजे सकाळचा वेळ मोजमापाला मिळेल. बॅटरी किती उतरते ते मोजायला झाकण लावून निदान तीन तास तरी ठेवावं लागेल, तेव्हा येताना डबे आणा.